दिवस पाचला मावळतो

मिरज जंक्शन
१६ जानेवारी १९७८

॥ श्री जिनेंद्र प्रसन्न ॥

चि. तम्मा बाळगोंडा यास थोरल्या अक्काचा आशीर्वाद. नको असला तरी घे, आशीर्वाद काही परत पाठवता येत नाही.

मद्रासची गाडी लेट आहे, म्हणून फलाटावर ट्रंकेवर बसून लिहिते आहे. तुझा गडी निरोप घेऊन इथपर्यंत आला होता. "मालकांनी सांगितलंय, आक्कांनी गाडीत पाय ठेवला तर डिग्रजच्या घराचं दार बंद." बिचारा सांगताना माझ्या पायांकडंच बघत होता. मी त्याला चहा पाजला आणि परत लावून दिला. दार बंद करायला तू मोकळा आहेस. त्या घरात मी तुझ्या आधी जन्मले आणि तुला कडेवर घेऊन त्याच दारातून हिंडले, एवढं मात्र विसरू नको.

तू रागाच्या भरात नीट ऐकूनच घेतलं नाहीस, ते आता शांतपणे वाच. तुझी लेक गुणमाला सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. अंदमानच्या किनाऱ्यानं एक लहान जहाज दीड महिना हिंडणार आहे. जिथं रस्ता नाही, गाव नाही, अशा खाडीखाडीतून जायचं आणि किनाऱ्यावरचे खेकडे, शंख, शिंपले बघून नोंदवायचे. साऱ्या देशातून मोजकी माणसं निवडली, त्यात आपली पोरगी आहे. तिचा डॉक्टरेटचा अभ्यास ह्याच खेकड्यांवर अडून बसलाय. नियम एवढाच, की एकटी बाई जहाजावर घेत नाहीत. घरची दुसरी बाई सोबत पाहिजे, आणि ती उतरली तर पोरगीही उतरणार. तुझी बायको तुझ्या शब्दाबाहेर जात नाही. राहिले मी. नवरा नाही, पोर ना बाळ, तासगावची द्राक्षबाग पुतण्या बघतो. मला कोण अडवणार?

तू अडवायला बघितलंस. इचलकरंजीच्या पाहुण्यांना पोरगी बघायला नेमकं फेब्रुवारीत बोलावलंस. तम्मा, मी काय खुळी आहे होय? एकदा तिथं लग्न झालं की कसलं जहाज आणि कसला अभ्यास. सूतगिरणीवाल्यांच्या घरात ती दुपारभर सुपारी कातरत बसेल.

तुझं दुखणं मला कळत नाही असं नाही. पोरीनं कॉलेजात बेडूक कापला हे कळलं, त्या दिवसापासून तू तिच्या हातचं पाणी पीत नाहीस. ती ताट वाढते आणि तू तांब्या बायकोकडं मागतोस. ती खाली मान घालून आत जाते. तिला बोलता येत नाही म्हणून तिच्याऐवजी मी बोलते आहे.

माझ्या नेमाची काळजी करू नको. लग्न झाल्यापासून दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घातला नाही, तिथंही घालणार नाही. पाणी गाळायचं फडकं, मेतकूट, मुगाचे सांडगे, कडक भाकरी, बागेतले बेदाणे, आणि आमच्या ह्यांचं मनगटी घड्याळ, सगळं बरोबर घेतलंय. कांदा-बटाटा माझ्या ताटात कोण घालतो ते बघतेच.

गाडी आली वाटतं. हमाल ओरडायला लागलेत.

अक्का


'शुक्ती' जहाज, अंदमान
२८ जानेवारी १९७८

चि. बाळगोंडास,

पोचलो. मद्रासहून मोठ्या जहाजानं आलो, ते जाऊ दे. तिथं मी दुपारी चार बेदाणे आणि ताक एवढ्यावरच राहिले. पोर्ट ब्लेअरला सकाळी उतरलो आणि तासाभरात ह्या लहान जहाजावर चढलो. लहान म्हणजे किती? ऊस वाहायचे दोन ट्रक मागंपुढं उभे कर, झालं जहाज. ह्यालाच 'शुक्ती', म्हणजे शिंपला, म्हणायचं. समुद्रानं मनात आणलं तर खिशात घालून जाईल.

माझी तब्येत एकदम ठणठणीत आहे. उगाच काळजी नको. अक्षर वाकडं आलंय ते जहाज हलतंय म्हणून. कागदाच्या कोपऱ्यावर डाग दिसतो तो लिंबाचा आहे. पलंगाशेजारी बादली ठेवलीय ती कपडे धुवायला.

आम्हा दोघींची खोली तळाशी आहे. एकावर एक दोन फळ्या आणि एक दिवा. भिंतीत गोल खिडकी आहे, पण लाटा आत येतात म्हणून तिला लोखंडी झाकण मारून टाकलंय. दिवा सारा दिवस जळतो. मी वर फारशी गेले नाही. कामच काय आहे माझं वर? गुणमाला पहाटे जाते ती अंधार पडल्यावर, चिखलानं माखून येते आणि बघितलेलं सगळं मला सांगते. किनारा म्हणजे नुसता कडा, म्हणते. महाबळेश्वरचा डोंगर उचलून पाण्यात उभा केलाय, आणि झाडी अशी दाट की माणूस आत शिरला तर दोन पावलांवर दिसेनासा होतो. कालच्या खाडीत झाडांची मुळं पाण्याच्या वर आलेली आणि मुळामुळावर लाल खेकडे. सांगताना तिचे हात थांबत नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर ती परकरात होती तेव्हाची आली, विहिरीवरचं कासव बघून आल्यावर अशीच बोलायची.

आचारी कोण असावा सांग? बिराप्पा, आपल्या जतचा धनगर! पलटणीत स्वयंपाक करायचा, पेन्शन झाल्यावर इकडं आला. मला बघून म्हणाला, "आवं आक्का, तुमी आन् हितं? वाट चुकला का काय?" सगळ्यांना मासे करतो, पण माझी भांडी वेगळी घासून ठेवलीत. पाणीही माझ्या फडक्यातून दुहेरी गाळून देतो.

आता नेमाचं सांगते, म्हणजे तुझं पोट थंड होईल. घड्याळ उशाशीच असतं. साडेपाचला बिराप्पा ताट आणतो. सहाच्या आत माझं जेवून, चूळ भरून झालेलं असतं. दिवस साडेसहाला मावळतो, म्हणजे चांगला अर्धा तास हातात राखून. तुझ्या घरात एवढं काटेकोर कोण करतं, सांग बघू?

अक्का


रंगत बंदर
३० जानेवारी १९७८

तम्मा, घात झाला.

काल पोटात जरा बरं वाटत होतं. (परवा खोटं लिहिलं. आल्यापासून मी बादलीला धरून होते.) सहाला जेवण झालं, म्हटलं आज आपलं ताट आपण धुवावं, बिराप्पाला किती राबवायचं. ताट घेऊन शिडी चढले. वर डोकं काढलं आणि जागच्या जागी थिजले. काळोख! साधा संध्याकाळचा अंधार नव्हे रे, चांगला काळोख, सारं आभाळ चांदण्यांनी भरलेलं. हातात खरकटं ताट आणि डोक्यावर चांदण्या.

मला वाटलं घड्याळ बंद पडलं. कानाला लावलं तर टिकटिक चालू. बिराप्पा आला, त्याला विचारलं, "अरे, दिवस कधी मावळला?" तो म्हणाला, "मगाच की. हितं पाचलाच बुडतोय, आक्का. मला सवय झालीया. म्या म्हनलं तुमास्नी ठावं आसंल."

मला ठावं नव्हतं, तम्मा. मी घड्याळ बघून जेवले. सांगलीचा सूर्य आणि इथला सूर्य एकच म्हणून जेवले. ह्या तुकडीच्या बड्या साहेबांनी मग नकाशा काढून समजावलं. आपण इतक्या लांब उगवतीकडं आलो, की इथं दिवस तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो, पण घड्याळ साऱ्या देशाला एकच. म्हणजे सरकारनं घड्याळ एक केलं आणि सूर्याला कुणी कळवलं नाही.

चार रात्री. ऐन काळोखात दिव्याखाली बसून मी चार रात्री जेवले, आणि वर तुला फुशारकीनं लिहिलं. ते पत्र तुला मिळालं असेल तर फाडून टाक.

गुणमाला रडायला लागली. "आत्ती, मला वाटायचं तू पाचलाच उरकतेस. मी खाली येऊन बघायला पाहिजे होतं." मी तिला गप्प केलं. तिचा दोष नाही, बिराप्पाचा नाही, घड्याळाचाही नाही.

हे मला लपवता आलं असतं. बिराप्पा काय डिग्रजला येऊन सांगणार होता? पण तू माझ्या पाठचा आहेस. तुला नाही सांगायचं तर कुणाला? मुनिमहाराज सध्या बस्तीत, आपल्या देवळाशी मुक्कामाला आहेत, त्यांच्यापुढं जा आणि माझ्या नावानं विचार, न कळत झालेल्या ह्या चार रात्रींना प्रायश्चित्त काय. जे सांगतील ते मी आल्यावर बिनतक्रार करीन.

तोवर मी ठरवलंय. आजपासून एकाशन. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, वर उघड्यावर बसून एकदा जेवायचं, बस्स. घड्याळ ट्रंकेत टाकलंय. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मी अंथरूण धरलं तर ते मला उतरवतील, आणि माझ्याबरोबर पोरीला. म्हणून आता अंथरूण धरायचं नाही. आज शिडी चार वेळा चढले-उतरले, त्यांना दिसेल अशी.

अक्का


मायाबंदर
१८ फेब्रुवारी १९७८

बाळगोंडा पाटील यांस,

तुझी तार पोचली. मला नव्हे, बड्या साहेबांना. 'बहिणीचा धर्म जहाजावर भ्रष्ट झाला. तब्येत ढासळली. बापाची परवानगी नाही. दोघींना परत पाठवा.'

मी तुला महाराजांना विचार म्हटलं होतं. तू तारमास्तराला विचारलंस!

लिहायला बसले की मी शाळेत शिकलेलं 'आहे, नाही' लिहिते. पण आज माझं डोकं तापलंय, तेव्हा तोंडात येतंय तसंच ऐक. कोन रं तू माझा धरम भ्रष्ट झाला म्हननारा? माझा धरम हाय, माझं मी बघीन. तुला इस्वासानं सांगितलं आन् तू त्येचीच काठी करून पोरीच्या पाटीत घातलीस? लाज न्हाई वाटली? आई आसती तर थोबाडीत दिली आसती तुज्या, पाटील आसलास तरी.

झालं. पाणी पिऊन आले.

साहेब वाईट माणूस नाही. बंगाली आहे, मवाळ बोलतो. त्याची हिंदी बंगाली आणि माझी सांगलीच्या बाजारातली, ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत. तो म्हणाला, मौसी, बापच नको म्हणतो तर मी मुलीला कुठल्या तोंडानं ठेवून घेऊ? गुणमाला बाजूला उभी होती, पांढरीफटक. मी विचारलं, पोरगी सव्वीस वर्षांची आहे, तिची परवानगी कुणी मागितली का? मग म्हटलं, घरच्या वडीलधाऱ्याचीच पाहिजे ना? मग घरात वडील मी आहे. बाप माझ्या पाठचा. मी हिच्यासोबत आहे आणि मी उतरत नाही. कागद आणा, लिहून देते.

दिलं लिहून. 'त्रिशला' अशी मोठ्या अक्षरात सही ठोकली. साहेबांनी कागद खिशात घातला, पण एक अट घातली. तुम्ही एकदाच जेवता, वाळत चालला आहात. आता पुढं उत्तरेचं टोक आहे, तिकडं ना दवाखाना ना बंदर. तुम्ही पडलात तर मी कागद बघणार नाही, पहिली होडी मिळेल तिनं दोघींना परत धाडणार. मी म्हटलं, मंजूर.

आता तुला आवडणारं एक सांगते, कारण लपवाछपवी मला जमत नाही हे तू बघितलंसच. पोरगी खेकडे नुसते बघत नाही. काही स्पिरिटच्या बाटलीत घालते. मी बघितलं. हात घालून, हळूच, आणि तो हलायचा थांबेपर्यंत बाटलीवर हात ठेवून बसते. त्या दिवशी माझ्यानं दुपारचंही जेववलं नाही. मी तिला म्हटलं, गुणा, हे नाही बघवत मला. ती म्हणाली, "मलाही नाही बघवत, आत्ती. जमेल तेवढे बघून सोडते. पण एकही नेला नाही तर मी हा पाहिला यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि नावच नसलं तर उद्या ही झाडी तोडताना त्याला वाचवा म्हणून कोण सांगणार?" मग म्हणाली, "आपल्या बागेवर औषधाचा पंप मारतात, तेव्हा किती जीव मरतात ते आप्पांनी कधी विचारलंय?"

तासगावला माझ्या बागेवर पंप चालतो, डिग्रजला तुझ्या मळ्यात चालतो. आपण दोघंही तेव्हा घरात बसून णमोकार मंत्र म्हणतो. तू तिला पाणी नाकारतोस आणि द्राक्षं मिटक्या मारत खातोस. तुझ्याजवळ उत्तर असलं तर कळव, तारेनं कळवलंस तरी चालेल.

अक्का


'शुक्ती' जहाज, पश्चिम किनारा
११ मार्च १९७८

तम्मा,

हे पत्र पोर्ट ब्लेअरला गेल्यावर पोस्टात पडेल. त्याच्या मागोमाग मी येतेच आहे. तरी लिहिते, कारण समोर असलास की तू मध्येच बोलतोस.

उत्तरेचं टोक वळलो आणि समुद्रानं आपलं खरं रूप दाखवलं. उभं राहिलं की भिंत अंगावर येते, बसलं की पोट तोंडाशी. दुपारी सूर्य बघून जेवायची आणि घटकाभरात सगळं बाहेर. दिवसाचं एकच जेवण, ते असं गेलं की दुसऱ्या दुपारपर्यंत पोटात नुसतं पाणी. असं लागोपाठ तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी शिडी चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी बिराप्पाच्या अंगावरच कोसळले.

संध्याकाळी साहेब खोलीत आले. शेजारच्या खाडीत जंगलखात्याची होडी थांबली होती, ती दुसऱ्या सकाळी मायाबंदरला परत जाणार होती. साहेब म्हणाले, मौसी, अट आठवते ना? आत्ता काहीतरी खाऊन, ते पोटात ठेवून उठून बसलात तर बघू. नाहीतर सकाळी त्या होडीत. माणूस मेलं तर मी कुणाला तोंड दाखवू?

बाहेर दिवस मावळला होता. खिडकीचं झाकण मी मुद्दाम उघडून घेतलं होतं, त्यामुळं ह्या वेळी चुकायचं कारणच नव्हतं.

आणि ती सकाळ कुठली, तर अमावास्येची. अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त ओसरतं, खाडीचा तळ उघडा पडतो. ज्या खेकड्यासाठी गुणमाला दीड महिना चिखल तुडवत होती, तो त्याच तळात बिळं करतो, एरवी दिसत नाही. ही शेवटची खाडी. ती चुकली तर सगळा अभ्यास अर्ध्यावर.

साहेब गेले आणि पोरगी ट्रंक भरायला लागली. वह्या, बाटल्या, माझं फडकं, माझी लुगडी. मी म्हटलं, काय करतेस? तर म्हणाली, "परत जाऊ, आत्ती. माझ्या खेकड्यांपायी तुझा नेम मोडायला नको. आप्पांचंच बरोबर होतं. मी ह्या वाटेला जायलाच नको होतं."

हे तिचं बोलणं ऐकलं आणि मी उठून बसले, तम्मा. अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. तू तार केलीस, दार बंद केलंस, तेव्हा तिचा पाय मागं सरला नव्हता. तो माझ्यामुळं सरायला निघाला होता. माझ्या नेमाला पुढं करून ही पोरगी जन्मभर इचलकरंजीच्या माजघरात बसणार, आणि मी वर पुण्य गाठीला बांधून मरणार?

मी बिराप्पाला हाक मारली. "भात आण. मऊ कर, मेतकूट घाल."

तो दारातच उभा राहिला. "आक्का, दिस मावळलाय."

"मला दिसतंय."

"आदी म्या सांगितलं न्हाई, त्येचं वझं अजून डोसक्यावर हाय माज्या. पुन्यांदा नगं."

"हे तुझ्या डोसक्यावर नाही. आण."

आणलं. गुणमालानं माझा हात धरला, तो मी सोडवला. पहिला घास तोंडात घातला तो खाली उतरेना. मी रडले. पण गिळला. मग दुसरा. ताट चाटूनपुसून साफ केलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. पोटाला सांगितलं, आता जर उलटलंस तर बघ. नाही उलटलं. साहेब आले तेव्हा मी बसलेली होते. त्यांनी रिकामं ताट बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि होडीवाल्याला निरोप दिला, कुणी येणार नाही म्हणून.

चार रात्री चुकून जेवले होते. पाचव्या रात्री चुकून नाही. तुला तारेत घालायला शब्द हवे असतील तर हे घे.

सकाळी मला वर आणून बसवलं. पोरगी मांडीपर्यंत चिखलात उतरली होती. दुपारी आली ती केसांत चिखल, दातांत चिखल, आणि हसत. "सापडला, आत्ती! सगळा तळ भरलाय!" तिला असं हसताना तू शेवटचं कधी बघितलंस? मला विचारशील तर बेडकाच्या आधी.

अक्का


सांगली
८ एप्रिल १९७८

चि. तम्मा बाळगोंडास,

आज बस्तीत तू मध्येच उठून गेलास, म्हणून राहिलेलं लिहून पाठवते.

महाराजांपुढं मी उभी राहिले तेव्हा बायकांत कुजबूज सुरू होती. तू पुरुषांत पहिल्या ओळीत बसला होतास, मान खाली घालून. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. महाराजांनी चार रात्रींसाठी चार उपास आणि णमोकाराच्या माळा सांगितल्या. मी हात जोडून घेतल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि पाचवी?"

मी म्हटलं, "पाचवीचं मागायला आले नाही, महाराज."

तेवढं ऐकलंस आणि तू उठलास. पुढचं तू ऐकलं नाहीस. मी म्हटलं, प्रायश्चित्त घ्यायचं म्हणजे पुन्हा असं करणार नाही म्हणून हात जोडायचे. मला तसं म्हणता येत नाही. पोरीचं पुन्हा असंच अडलं तर मी पुन्हा जेवेन. खोटे हात जोडून तुमच्यापुढं कशाला बसू? पाचव्या रात्रीचं पाप माझ्याजवळच राहू दे.

मला वाटलं आता हाकलतात. महाराज म्हणाले, "बसा." एवढंच. त्याचा अर्थ काय, मला कळला नाही. मी बसले. शेजारची लीलाबाई जरा सरकली, पण ती लांब सरकली का मला जागा द्यायला, तेही कळलं नाही.

तू म्हणशील अक्कानं घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली. असेल. आज पहिला उपास आहे आणि मला झोप छान लागणार आहे. तुझं काय?

गुणमाला माझ्याजवळ सांगलीत राहते, कॉलेजला जाते. संध्याकाळी माझ्यासाठी दिवस असताना भाकरी टाकते, आपण स्वतः रात्री जेवते, आणि आमचं काही बिघडत नाही. ती तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही. बाजारात तुझी जीप दिसली तर मात्र उभी राहते, लांब जाईपर्यंत. मला ते बघवत नाही.

साहेबांनी पुढच्या जानेवारीत तिला परत बोलावलंय. ह्या वेळी आणखी दक्षिणेला, निकोबारकडं. तिथला किनारा ह्याहून अवघड आहे म्हणतात. घरची बाई सोबत पाहिजे, तो नियम तसाच आहे. मी येते म्हणून कळवून टाकलंय. इचलकरंजीच्या लोकांना सांग, पोरगी जानेवारी ते मार्च घरी नसते. चालत असेल तर त्यांनी पुढं बोलावं.

पण तम्मा, माझे गुडघे सुजलेत. शिडी चढताना आता कठड्याला धरावं लागतं. पुढच्या साली जाईन, कदाचित त्याच्या पुढच्याही. नंतर कधीतरी मला जमणार नाही, आणि ती तर थांबणार नाही. म्हणून मी साहेबांना पत्र घालून विचारलं, दुसरी बाई नसली तर बाप चालेल का?

काल त्यांचं उत्तर आलं. चालेल म्हणतात.

तुझी अक्का
त्रिशला